पंचवीस गुणांची आघाडी अशी कशी जाते? (सुपर बोल ५१, आणि परवाची लास व्हेगासची मॅच)

पीचट्रीकर | १३ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:४०

रविवारी लास व्हेगासला सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्सनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना २५-२२ असं हरवलं. आमचं त्यात काही जात नव्हतं आणि येतही नव्हतं, आम्ही पडलो अटलांटाचे. पण शेवटी कॅमेरा नाइनर्सचा कोच काइल शॅनहन याच्या तोंडावर गेला आणि बायको म्हणाली, "अरे, हा तोच ना? आपला?"

तोच. म्हणजे २०१७ साली आपला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टनचं एनआरजी स्टेडियम, अटलांटा फाल्कन्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. तिसऱ्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं उरलेली असताना आम्ही २८-३ ने पुढे होतो. तोवर सुपर बोलमध्ये कुणी भरून काढलेली सगळ्यात मोठी पिछाडी होती १० गुणांची. आम्ही ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, ३४-२८ हरलो. शॅनहन तेव्हा आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना कुठली चाल खेळायची ते सांगणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी नाइनर्सनी त्याला मुख्य कोच म्हणून जाहीर केलं.

आम्ही चार-पाच कुटुंबं अल्फारेटाला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमलो होतो. वर बटाटेवडे चालू. पहिला घाणा १४-० लाच संपला. मग आमच्या रॉबर्ट अल्फर्डने पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीचा पास मधल्या मध्ये उचलला आणि ८२ यार्ड पळत नेला, २१-०. ब्रेडी त्याच्या मागे धावत आला आणि गवतावर आडवा झाला, तो फोटो आमच्या मित्राने महिनाभर फोनवर लावायचा ठरवलं होतं. शेजारच्या घरी फटाके आणून ठेवले होते, हाफ टाइमला ते कुंपणावरून दाखवून झाले. २८-३ झालं तेव्हा वड्यांचा दुसरा घाणा परातीत भरून खाली आला.

त्या परातीला नंतर कुणी हात लावला नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेली सात वर्षं सगळे म्हणतात ब्रेडी, ब्रेडी, नाहीतर पेट्रियट्सच्या एडेलमनचा तो झेल, नाहीतर नशीब. मला ते पटत नाही. आम्ही ती मॅच घड्याळापाशी हरलो.

आघाडीवर असलेल्या संघाने चेंडू घेऊन पळायचं. पळणारा मैदानाच्या आत पडला की घड्याळ चालूच राहतं आणि पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. ती सगळी बसून खायची. पास टाकला आणि तो जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं, म्हणजे आपल्या खिशातली सेकंदं आपणच समोरच्याला काढून दिली. फाल्कन्स मात्र घाई असल्यासारखे, ४० मधली बरीच सेकंदं शिल्लक असतानाच चेंडू उचलत होते. २५ गुण पुढे असताना कसली घाई? बस चुकणार होती का?

आणि मग ते शेवटचं. स्कोअर २८-२०. आमच्या हुलिओ जोन्सने सीमारेषेला चिकटून, दोन्ही पायांची बोटं आत ठेवून, अंगावर माणूस असताना झेल घेतला. असा झेल मी जन्मात पाहिला नव्हता. चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर, ४ मिनिटं ४० सेकंद बाकी. इथून तीनदा नुसतं पळून पडलो असतो तरी साधारण ४० यार्डांवरून फील्ड गोल मारता आला असता. आमचा किकर मॅट ब्रायंट, भरवशाचा माणूस. ३१-२० झालं असतं. न्यू इंग्लंडचे टाइमआउट धरूनसुद्धा त्यांना एवढ्याशा वेळात दोनदा गुण मिळवावे लागले असते.

आम्ही काय केलं? एकदा पळालो, एक यार्ड मागे. ठीक. मग पास टाकायला आमचा मॅट रायन मागे गेला आणि ट्रे फ्लॉवर्सने त्याला आडवा केला, १२ यार्ड मागे. मग परत पास. तो मोहम्मद सानूने पकडलासुद्धा, पण आमच्या जेक मॅथ्यूजने कुणाला तरी धरलं म्हणून होल्डिंग, आणखी १० यार्ड मागे. तिसरा डाउन आणि ३३ यार्ड. मग पंट. २२ वर असलेला चेंडू आम्ही ४५ वर आणून लाथेने त्यांना देऊन टाकला.

रविवारी शॅनहनचा चेहरा बघून हे सगळं परत वर आलं. झोप नाही. कुणाला काय वाटतं?

चिंचवडची_माई | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मी या खेळातली ढ. सोमवारी पहाटे पाचला आमची कन्या टेलर स्विफ्ट दिसेल म्हणून गजर लावून उठली, तिच्यासोबत मीही बसले. टेलरबाई टोकियोचा कार्यक्रम उरकून विमानाने थेट तिथे आली होती म्हणे. मॅच मात्र दर दहा सेकंदांनी थांबते! डाउन म्हणजे काय ते आधी सांगा, मग तुमच्या दुःखात सहभागी होते.

पीचट्रीकर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

माई, चार बॉलमध्ये दहा रन काढायच्या. काढल्या की परत चार बॉल मिळतात. नाही निघाल्या तर बॅटिंग समोरच्याची. रनच्या जागी यार्ड, बॉलच्या जागी डाउन. पलीकडच्या टोकाला चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण. त्यावर लाथेने १ किंवा आणखी एक चाल खेळून २. तिथपर्यंत पोचता येत नसेल तर लांबून खांबांमधून मारायचा, ३ गुण. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ यातूनच निघतो. बाकी सगळं घड्याळ.

बोस्टनकाका | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

पीचट्रीकर, सात वर्षं झाली हो, तेराव्यालासुद्धा एवढे दिवस लागत नाहीत. ह. घ्या.

मी इकडे पेट्रियट्सच्या मुलखात १९९८ पासून आहे. घड्याळाचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. उरलेलं अर्धं आकड्यांत आहे. त्या दिवशी पेट्रियट्सनी ९३ चाली खेळल्या आणि फाल्कन्सनी ४६. चेंडू आमच्याकडे ४० मिनिटं ३१ सेकंद, तुमच्याकडे २३ मिनिटं २७ सेकंद. तुमची डिफेन्सची पोरं तरणी, चपळ, पहिल्या हाफमध्ये त्यांनी ब्रेडीला मैदानात लोळवला. पण दीडशे किलोच्या माणसांना नव्वद वेळा ढकलून बघा. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे हात कमरेवर होते, मी टीव्हीवर बघून बायकोला म्हटलं, ही दमली.

आणि ती दमली ते शॅनहनमुळेच असं तुम्ही म्हणाल. पूर्ण नाही. २१-० मधले ७ गुण तुमच्या डिफेन्सनेच केले. त्यात मजा अशी की डिफेन्सने गुण केले की लगेच परत मैदानात त्यांनाच उतरावं लागतं, ऑफेन्स बाकावर थंड. तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हाच ती पोरं पाण्याच्या बाटल्या शोधत होती.

खरी फूट पडली हाईटॉवरच्या वेळी. २८-१२, आठ-साडेआठ मिनिटं बाकी, तिसरा डाउन आणि जेमतेम १ यार्ड हवा. रायन पाससाठी मागे. डोन्टा हाईटॉवर कडेने आला, त्याला अडवायचं काम डेव्होंटा फ्रीमनचं, त्याला तो दिसलाच नाही. रायनचा हात मागे गेलेला, चेंडू सुटला, ॲलन ब्रांच त्यावर पडला. पाच चालींत टचडाउन, वर दोन गुण. तो चेंडू सुटला नसता तर तुमचं घड्याळ तुम्ही कितीही उधळलं असतं तरी चाललं असतं.

पीचट्रीकर | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:५१

काका, तुम्ही माझीच बाजू मांडताय! १ यार्ड हवा होता. पळायचं ना.

सिली_पॉइंट | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

इथे थोडा विरोध नोंदवतो. मी डॅलसला, दोन्ही संघांशी देणंघेणं नाही.

२०१६ च्या मोसमात फाल्कन्सनी ५४० गुण केले, पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त. सुपर बोलच्या आदल्या रात्री मॅट रायनला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं. हे सगळं शॅनहनच्या आक्रमक चालींवर. ज्या खेळावर इथवर आलो तो ऐन वेळी टाकून बॅट पॅडमागे लपवायची, हेही क्रिकेटमध्ये किती वेळा अंगाशी येतं ते आपण पाहिलंय. २५ च्या आघाडीवर कवचात शिरले असते आणि तरी हरले असते, तर हाच धागा "शॅनहन घाबरला का?" या नावाने निघाला असता.

एक गोष्ट विसरताय. ब्रेडीला चेंडू परत द्यायचाच नाही, हाही एक विचार असतो. एक फर्स्ट डाउन मिळाला की मॅच तिथेच संपते. शॅनहन तो शोधत होता.

२२ यार्डांवरच्या पासबद्दल मात्र माझ्याकडे काहीही बचाव नाही. तिथे किकरला बोलवायचं.

मेथीची_जुडी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

घड्याळाला अनुमोदन. आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला उशीर करणारे लोक आहेत, त्यांना फाल्कन्सने कामाला ठेवायला हवं होतं.

ह्यूस्टनची_मंजू | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

आम्ही तेव्हा ह्यूस्टनमध्येच, स्टेडियमपासून सात-आठ मैलांवर. तिकिटाचे भाव ऐकून टीव्हीच बरा म्हटलं. लेडी गागाने छतावरून उडी मारली म्हणून माझा मुलगा खिडकीत धावला, आकाशात ड्रोन दिसतील म्हणून. ते ड्रोन आधीच चित्रित केलेले होते, बिचारा थंडीत उभा.

मला ज्युलियन एडेलमनच्या झेलाबद्दल लिहायचंय. धागाकर्ते त्याला नशीब म्हणून बाजूला सारतात, पण मी तो पन्नास वेळा पाहिला असेल. अडीच मिनिटं बाकी. चेंडू अल्फर्डच्या हाताला लागून वर उडाला. हाच अल्फर्ड, ज्याने आधी ८२ यार्ड पळवला होता. खाली अल्फर्ड, रिकार्डो ॲलन, किआनू नील, फाल्कन्सचे तिघं आणि त्यांच्यात एकटा एडेलमन. तिघं अंगावर पडले. हळू गतीत बघितलं तर एडेलमनने चेंडू पकडला, तो हातातून सुटला, आणि खाली अल्फर्डचा पाय आणि जमीन यांच्या मधल्या बोटभर जागेत त्याने तो परत पकडला. उठताना तो ओरडत होता, पकडला, पकडला. फाल्कन्सनी दाद मागितली, झेल वैधच ठरला आणि त्यांचा एक टाइमआउट पण गेला. शेवटच्या मिनिटाला तो असता तर?

२३ यार्ड मिळाले त्यातून. नशीब म्हणा, पण तिघांच्या ढिगाऱ्यात डोळे उघडे ठेवायला काहीतरी लागतं.

चौथा_डाउन | १४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

टॉसबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

२८-२८. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला ओव्हरटाइम. टॉस न्यू इंग्लंडने जिंकला. तेव्हाचा नियम असा की पहिल्याच फेरीत टचडाउन झाला तर मॅच तिथेच खलास. ८ चाली, ७५ यार्ड, जेम्स व्हाइट उजवीकडून घुसला, ४ मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू मॅट रायन ओव्हरटाइममध्ये बाकावरून उठलाच नाही.

जानेवारी २०२२ मध्ये बफलो बिल्सचं चीफ्सविरुद्ध असंच झालं तेव्हा आरडाओरडा झाला आणि प्लेऑफसाठी नियम बदलला. आता दोन्ही संघांना निदान एकदा चेंडू मिळतोच. आणि हा बदललेला नियम पहिल्यांदा वापरला गेला कुठे? परवा, लास व्हेगासला. कोच कोण? शॅनहन! टॉस जिंकला आणि चेंडू आधी घेतला. आधी घेणाऱ्याला समोरचा किती करणार ते माहीत नसतं. नंतरच्याला सगळं माहीत असतं. नाइनर्सनी ३ केले, चीफ्सना कळलं की आता आपल्याला टचडाउन पुरे. पॅट्रिक माहोम्सने मेकोल हार्डमनला तीन यार्डांचा पास दिला आणि संपलं. वर मॅचनंतर नाइनर्सच्या काही खेळाडूंनीच सांगितलं की नवा नियम आम्हाला माहीत नव्हता.

शॅनहनचं म्हणणं होतं की तिसरी फेरी आली तर ती आपल्याला मिळेल. म्हणजे दुसऱ्या फेरीत माहोम्सला थांबवणार हे गृहीत. असो.

चिंचवडची_माई | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

आता थोडं कळायला लागलं. टॉसचं वाचून २०१९ चं लॉर्ड्स आठवलं, न्यूझीलंड चौकारांच्या मोजणीत गेलं ते. तिथेही नियम नंतर बदलला. ज्याच्यामुळे नियम बदलतो त्याच्या वाट्याला काही येत नाही.

बाकी शॅनहनचा हा दुसरा की तिसरा पराभव?

चौथा_डाउन | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:२५

तिसरा, माई. मधला २०२० चा, मायामीला, तोही चीफ्सशीच. चौथ्या क्वार्टरमध्ये २०-१० ने पुढे, शेवटच्या सहा-सव्वासहा मिनिटांत २१ गुण खाल्ले, ३१-२०. तिन्ही वेळा निदान १० गुणांची आघाडी होती.

सिली_पॉइंट | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

शॅनहनवर सगळी बिलं फाडताय, पण २०१७ ला मुख्य कोच डॅन क्विन होता. पळा म्हणायचा अधिकार त्याचा. आणि या माणसाचं दुर्दैव बघा. दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये तो सिअॅटल सीहॉक्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. समोर न्यू इंग्लंडच. चेंडू १ यार्डावर, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, हातात मार्शॉन लिंचसारखा रेडा, आणि सिअॅटलने पास टाकला. माल्कम बटलरने तो पकडला. २८-२४.

म्हणजे एकाच माणसाने दोन वर्षांत दोनदा, बाजूला उभं राहून, "अरे पळा!" अशी पूर्ण अमेरिका ओरडताना ऐकली. त्यातल्या दुसऱ्या वेळी तर तो स्वतःच थांबवू शकत होता.

पीचट्रीकर | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

हा मुद्दा मान्य. क्विनबद्दल माझ्या मनात मऊ कोपरा आहे म्हणून लिहिलं नाही. पक्षपात समजा.

फाल्कन्सचे मालक आर्थर ब्लँक, होम डेपोच्या संस्थापकांतले एक, चौथ्या क्वार्टरमध्ये विजय बघायला वरून खाली मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले होते. कॅमेरा सारखा त्यांच्यावर. आमच्या बेसमेंटमध्ये एक आजी होत्या, खेळातलं काही कळत नव्हतं, त्या म्हणाल्या, "त्या सुटातल्या गृहस्थाला बसायला खुर्ची तरी द्या."

बोस्टनकाका | १५ फेब्रुवारी, दुपारी १:००

आता मीठ चोळतोच. पेट्रियट्सनी त्या विजयाची जी अंगठी केली तिच्यात हिरे किती, माहीत आहे? २८३.

मंगळवारी मिरवणूक होती, डोक्यावर बर्फ आणि पाऊस एकत्र. मी ऑफिसला दांडी मारून उभा होतो. ब्रेडीची मॅचमधली जर्सी मात्र ड्रेसिंग रूममधूनच कुणीतरी पळवली, ती पुढे मार्चमध्ये मेक्सिकोत सापडली. एवढाच काय तो तुमचा सूड.

पीचट्रीकर | १५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

२८३ माहीत आहे, काका. इथे सगळ्यांना माहीत आहे. इथल्या रस्त्यावर कुणी पाटीवर २८ आणि ३ जवळ लिहिलं तरी लोक मान फिरवतात.

आणि तुम्ही एक गोष्ट सोडलीत, दया आली असेल. आमच्या जुन्या स्टेडियममधली, जॉर्जिया डोममधली, शेवटची मॅच आम्ही त्याच मोसमात जिंकली, ग्रीन बे पॅकर्सना ४४-२१. मग शेजारी नवंकोरं मर्सिडीज बेंझ स्टेडियम उभं राहिलं (डोम त्यानंतर पाडलं). तिथे २०१९ चा सुपर बोल झाला. आमच्याच अंगणात, आमच्याच पाहुणचारात, कोण जिंकलं? पेट्रियट्स, १३-३. त्या दिवशी आम्ही टीव्ही लावलाच नाही, सिनेमाला गेलो. थिएटरात आम्ही आणि आणखी सहा जण. सगळ्यांच्या डोक्यावर फाल्कन्सच्या टोप्या.

मेथीची_जुडी | १५ फेब्रुवारी, दुपारी १:३५

धागाकर्ते, त्या दुसऱ्या घाण्याचं पुढे काय झालं? सगळे हाईटॉवरबद्दल बोलताहेत, मला वड्यांची काळजी लागलीय.

पीचट्रीकर | १५ फेब्रुवारी, दुपारी २:१०

सगळ्यांना फॉइलमध्ये बांधून दिले. मी दुसऱ्या दिवशी डब्यात नेले. ऑफिसात सोमवारी कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कॉफीच्या मशीनपाशीसुद्धा नाही. आमच्या टीममध्ये एक पोरगा मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे पेट्रियट्सच्या मुलखातला होता. तो जेवायच्या सुट्टीत येऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला, सॉरी म्हणाला आणि विचारलं, हे काय आहे?

तीन खाल्ले त्याने.